एक्स८६ टिकलं ते डिझाइनमुळे नाही, जुन्या कोडमुळे. पटतंय का?

केदार_८०८६

प्रोसेसरच्या इतिहासावर काहीही वाचायला घेतलं की तीच गोष्ट वाचायला मिळते, म्हणजे आधी सगळे किचकट सिस्क प्रोसेसर होते (एकेक इन्स्ट्रक्शन मोठं काम करणारी), मग ऐंशीच्या दशकात रिस्कवाले आले (इन्स्ट्रक्शन थोड्या आणि साध्या), त्यांनी सगळं सुटसुटीत केलं आणि शेवटी तेच जिंकले. मला हे मुळातच पटत नाही, पीसीत बसणाऱ्या इंटेलच्या एक्स८६ घराण्याकडेच बघा. कुठलं आर्किटेक्चर टिकणार हे इन्स्ट्रक्शन सेट (प्रोसेसरला कळणाऱ्या हुकमांची यादी) किती छान आखलाय यावर ठरत नाही, काल लिहिलेला प्रोग्राम उद्याच्या मशीनवर हात न लावता चालतो का, यावर ठरतं. साठ वर्षं हेच चाललंय.

सुरुवात १९६४ पासूनच करू. ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टम/३६० जाहीर केली. त्याआधी आयबीएमच्याच एका मशीनवरून दुसऱ्या मोठ्या मशीनवर जायचं तर बऱ्याचदा सॉफ्टवेअर नव्याने लिहायला लागायचं. जीन अ‍ॅमडाल, फ्रेड ब्रुक्स, गेरिट ब्लाऊ या मंडळींनी ठरवलं की प्रोग्रामरला दिसणारं मशीन एकच ठेवायचं, आतून ते कसंही बांधलेलं असो. लहान मॉडेलमध्ये तीच इन्स्ट्रक्शन मायक्रोकोडने, म्हणजे मशीनच्या आत साठवलेल्या बारीक हुकमांनी, पायरी पायरीने पार पडायची, सगळ्यात मोठ्या मॉडेलमध्ये थेट हार्डवेअरने. आज आपण ज्याला आर्किटेक्चर म्हणतो ती कल्पना इथे रुजली, आणि ती रुजली ती गिऱ्हाइकाचा जुना कोड फुकट जाऊ नये म्हणून. आयबीएमच्या आताच्या झेड मेनफ्रेममध्येसुद्धा ३६० च्या काळातला २४ बिट अ‍ॅड्रेसिंगचा मोड शिल्लक आहे.

आता ८०८६, एक्स८६ घराण्याचा मूळपुरुष. इंटेलचा सगळा जीव आयएपीएक्स ४३२ नावाच्या भव्य डिझाइनमध्ये अडकला होता, त्याला उशीर व्हायला लागला, तोवर बाजारात काहीतरी हवं म्हणून ८०८६ हाती घेतला. इन्स्ट्रक्शन सेट मुख्यतः स्टीफन मोर्स यांनी आखला, १९७८ ला चिप आली, साधारण २९,००० ट्रान्झिस्टर. अट अशी की आधीच्या ८०८० चा असेंब्ली कोड (प्रोसेसरच्या हुकमांतच लिहिलेला) यांत्रिकपणे बदलून ८०८६ वर चालवता आला पाहिजे. ८०८० आला ८००८ वरून, आणि ८००८ चा इन्स्ट्रक्शन सेट तर इंटेलचा नव्हताच, तो डेटापॉइंट २२०० या टर्मिनलसाठी आखलेला. त्या टर्मिनलमध्ये मेमरी शिफ्ट रजिस्टरची होती, बिट एकामागून एक ओळीने बाहेर यायचे, बेरीज करायची तर हातचा पुढे न्यायचा असतो म्हणून खालचा बाइट आधी आलेला सोयीचा. आज एक्स८६ लिट्ल एन्डियन आहे, म्हणजे आकड्याचा खालचा बाइट आधी ठेवतो, त्याचं मूळ हे. पॅरिटी फ्लॅगही (बाइटमधल्या १ ची संख्या सम का विषम ते सांगणारी खूण) तिथलाच, टर्मिनलला सिरियल लाइनवरचा डेटा तपासायला लागायचा म्हणून. १९७० च्या आसपासच्या एका टर्मिनलची गरज आजच्या सर्व्हर चिपमध्ये तशीच बसलेली आहे!

आणि ए२० चा किस्सा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ८०८६ ला २० अ‍ॅड्रेस लाइन, म्हणजे १ एमबी मेमरी. पत्ता ज्या दोन आकड्यांतून बनतो त्या सेगमेंट आणि ऑफसेटची बेरीज त्याच्या वर गेली की पत्ता वळून परत शून्यापाशी यायचा, आणि काही प्रोग्राम चक्क याच्यावर विसंबून होते. पुढे ८०२८६ आला २४ लाइन घेऊन, मग पत्ता वळेचना, ते प्रोग्राम बिघडणार. म्हणून आयबीएमने १९८४ च्या पीसी एटीमध्ये ए२० या लाइनवर एक गेट बसवलं, आणि ते उघडबंद करायचं काम दिलं कीबोर्ड कंट्रोलरच्या एका मोकळ्या पिनला, कारण ती पिन हाताशी होती. त्यानंतर कितीतरी वर्षं पीसी सुरू होताना पूर्ण मेमरी हवी असेल तर आधी कीबोर्ड कंट्रोलरला निरोप धाडायला लागायचा. जुना कोड जपण्यापायी लोक काय काय करायला तयार होते ते यातून कळतं, आणि माझ्या मते त्यांनी बरोबरच केलं.

बाकी ४३२ चं काय झालं? १९८१ ला आला, हळू निघाला, त्यावर चालणारं सॉफ्टवेअर आधीपासून कुणाकडेच नव्हतं, गेला. तात्पुरता म्हणून केलेला ८०८६ मात्र त्याच वर्षी ८०८८ च्या रूपात आयबीएम पीसीमध्ये बसला, पुढचं सगळ्यांना माहितीये.

अवंती_पी

असहमत, आणि जोरात असहमत. इतिहास सांगताना तुम्ही ऐंशीचं दशक अख्खं गाळलंय.

रिस्क हा सौंदर्याचा प्रश्न नव्हताच हो, तो मोजमापाचा होता. त्या काळात समज असा की इन्स्ट्रक्शन जितकी मोठं काम करेल तितकं चांगलं, डीईसी या कंपनीच्या व्हॅक्स मशीनमध्ये तर पॉलिनॉमियलची किंमत काढायलाही एक इन्स्ट्रक्शन होती. आयबीएममध्ये जॉन कॉक आणि त्यांच्या टीमने सत्तरच्या दशकात ८०१ नावाचा प्रोसेसर करताना बघितलं की कंपायलर (प्रोग्रामच्या मशीनसाठी इन्स्ट्रक्शन बनवणारं सॉफ्टवेअर) यातल्या बहुतेक गोष्टी वापरतच नाही, तो लोड, स्टोअर, बेरीज, तुलना, उडी यातच फिरत असतो. १९८० मध्ये पॅटरसन आणि डिट्झेल यांनी रिस्कची बाजू मांडणारा लेख लिहिला, त्यात व्हॅक्स ११/७८० वरच्या इंडेक्स या इन्स्ट्रक्शनचं उदाहरण आहे. ॲरेचा इंडेक्स हद्दीत आहे ना ते तपासून पत्ता काढायचा हे तिचं काम, आणि तेच काम त्याच मशीनवर साध्या चार-पाच इन्स्ट्रक्शन लावून केलं तर ते ४५ टक्के जास्त वेगाने व्हायचं. म्हणजे खास त्या कामासाठी बनवलेली इन्स्ट्रक्शन त्याच कामात मागे! याच्यानंतर वादाला जागा कुठे राहिली सांगा.

मग बर्कलीत रिस्क-१ झाला, जेमतेम ३१ इन्स्ट्रक्शन, ४४ हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर, तोही विद्यार्थ्यांनी मिळून केलेला, आणि स्टॅनफर्डला हेनेसींच्या टीमने मिप्स केला. अ‍ॅकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी हे वाचून आर्म बनवला, २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप हातात आली, २५,००० च्या आसपास ट्रान्झिस्टर. चाचणी करताना लक्षात आलं की वीजपुरवठ्याची जोडणीच झालेली नाही आणि तरी चिप चालतीये, इनपुट पिनांमधून जी झिरपेल तेवढ्या विजेवर. फोनमध्ये आर्म का बसला याचं उत्तर तिथेच आहे, त्यात जुन्या कोडचा काही संबंध नाही.

आणि तुमचा लाडका एक्स८६ तरी कसा वाचला? १९९५ च्या पेंटियम प्रोने एक्स८६ इन्स्ट्रक्शन आत आल्या आल्या त्यांचे साधे मायक्रो-ऑप, म्हणजे बारीक अंतर्गत हुकूम, केले आणि पुढची सगळी यंत्रणा त्या मायक्रो-ऑपवर चालवली. वरचा वेश सिस्कचा, इंजिन रिस्कचं. ऐंशीच्या मध्यानंतर ज्यांनी ज्यांनी कोऱ्या पाटीवरून आर्किटेक्चर आखलं त्यातल्या जवळपास सगळ्यांनी लोड-स्टोअरच निवडलं (मेमरीला हात फक्त लोड आणि स्टोअरने लावायचा, बाकी काम प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टर नावाच्या जागांमध्ये), याला विजय नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? हेनेसी-पॅटरसनना २०१७ चं ट्युरिंग पारितोषिक उगाच नाही मिळालं.

केदार_८०८६

@अवंती, इंडेक्सचं उदाहरण चोख आहे, पण त्याने सिद्ध होतं एवढंच की व्हॅक्समधली ती एक इन्स्ट्रक्शन नीट बनवली नव्हती. व्हॅक्स नंतर मागे पडली हे खरंच, पण एक्स८६ म्हणजे व्हॅक्स नव्हे. एक्स८६ च्या बहुतेक इन्स्ट्रक्शनमध्ये मेमरीतला एकच ऑपरँड (ज्यावर काम करायचं तो डेटा) असतो, व्हॅक्समध्ये एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये मेमरीचे अनेक ऑपरँड आणि प्रत्येकाचा पत्ता काढायची पद्धत वेगळी. एक्स८६ तोडून पाइपलाइनमध्ये (इन्स्ट्रक्शन एकामागून एक टप्प्यांतून पुढे सरकवणाऱ्या रचनेत) घालता येण्याइतकं सरळ होतं म्हणून वाचलं.

आणि इंजिन रिस्कचं हे वाक्य मला कायम खटकतं. पेंटियम प्रोच्या वेगामागे मुख्य गोष्ट आहे आउट ऑफ ऑर्डर, म्हणजे ज्या कामाचा डेटा तयार आहे ते आधी उरकायचं. त्यासाठी लागणारी रजिस्टर रिनेमिंगची युक्ती (एकाच नावाच्या रजिस्टरला आत वेगवेगळ्या जागा द्यायच्या) आयबीएमच्या टोमासुलोची, ती १९६७ ला छापून आली, आणि कुठल्या मशीनची? सिस्टम/३६० मॉडेल ९१. रिस्क हे नाव पडायच्या कितीतरी आधी, आणि तेही माझ्या म्हणण्यातल्या जुन्या कोडवाल्या घराण्यात.

नचिकेत_डी

दोघांच्याही बोलण्यात एक गृहीत धरलेलं दिसतंय की रिस्क म्हणजे स्वच्छ आणि जुन्याचं ओझं फक्त एक्स८६ च्या डोक्यावर. मी फर्मवेअरमध्ये काम करतो, आर्म आणि मिप्स दोन्हीचं असेंब्ली वाचावं लागतं, म्हणून सांगतो की तिथेही तेच आहे.

मिप्समध्ये ब्रँच डिले स्लॉट असतो. उडीची इन्स्ट्रक्शन लिहिली की तिच्या लगेच पुढची इन्स्ट्रक्शन उडी मारायच्या आधी चालणार, उडी होवो न होवो. पहिल्यांदा बघणारा माणूस गोंधळतोच. कारण काय, तर सुरुवातीच्या पाइपलाइनमध्ये उडीचा निर्णय होईपर्यंत पुढची इन्स्ट्रक्शन आत आलेली असायची, ती फेकून देण्यापेक्षा कंपायलरने तिथे काहीतरी कामाचं भरावं. त्या चिपसाठी हुशारीची गोष्ट. पण पुढे पाइपलाइन लांबली, एका वेळी अनेक इन्स्ट्रक्शन आत यायला लागल्या, ब्रँच प्रेडिक्शन (उडी होईल का याचा आधीच अंदाज) आलं, तेव्हा त्या एका स्लॉटचा फायदा उरला नाही, नियम मात्र पाळत बसावं लागलं कारण तोवरचा सगळा कोड त्यावर बेतलेला. एका साली केलेली चिप कायमची इन्स्ट्रक्शन सेटमध्ये कोरली गेली.

आर्मचंही ऐका. ३२ बिट आर्ममध्ये प्रोग्राम काउंटर हे साधं रजिस्टर आहे, आर१५, आणि ते वाचलं तर चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता मिळत नाही, त्याच्या ८ बाइट पुढचा मिळतो. कारण पहिल्या आर्मची पाइपलाइन तीन टप्प्यांची, एक इन्स्ट्रक्शन चालत असताना आणणारा भाग दोन इन्स्ट्रक्शन पुढे गेलेला असायचा. नंतरच्या चिपमध्ये टप्पे कितीही वाढले तरी तो ८ चा आकडा हटला नाही. डिबग करताना हे डोक्यात नसेल तर भलत्याच ओळीकडे बघत बसायला होतं. ६४ बिट आर्म २०११ ला जाहीर केला तेव्हा हे सगळं झाडून काढलं, प्रोग्राम काउंटर साध्या रजिस्टरांतून बाहेर, प्रत्येक इन्स्ट्रक्शनला चिकटलेल्या अटीही बऱ्याचशा गेल्या. आणि मग ३२ बिटचा जुना कोड चालावा म्हणून पुढची कितीतरी वर्षं एकाच चिपमध्ये दोन्ही प्रकार ठेवले.

तेव्हा केदारच्या मुद्द्याला माझा पाठिंबा, फक्त त्यात एक्स८६ ला खास जागा द्यायचं कारण नाही.

मृण्मयी

इटॅनियमबद्दल कुणी लिहील का? तो तर इंटेल आणि एचपी दोघांनी मिळून केला होता ना, मग एवढ्या मोठ्या दोन कंपन्या मागे असताना बुडाला कसा?

श्रीरंग_वेफर

मृण्मयी, इटॅनियमवर येतो, त्याआधी माझं मत सांगतो कारण ते वरच्या तिघांपेक्षा वेगळं आहे. इन्स्ट्रक्शन सेटही नाही आणि जुना कोडही नाही, ठरतं ते कुणाच्या चिपा किती खपतात आणि त्या खपातून पुढच्या पिढीची फॅक्टरी उभी राहते का यावर.

डीईसीचा अल्फा घ्या. १९९२ ला आला, पहिल्यापासून ६४ बिट, त्या वेळी वेगात त्याच्या आसपास कुणी नव्हतं. आणि केदार, जुन्या कोडची सोयही होती बरं का, एफएक्स!३२ नावाचं सॉफ्टवेअर विंडोज एनटीवरचे एक्स८६ प्रोग्राम अल्फासाठी अनुवादित करायचं आणि बऱ्यापैकी करायचं. तरी गेला. कारण अल्फा खपायचा वर्कस्टेशन आणि सर्व्हरपुरता, आणि पीसीचा खप त्याच्या कितीतरी पट. तो सगळा पैसा इंटेलच्या पुढच्या फॅबमध्ये, म्हणजे चिपा बनवायच्या फॅक्टरीत, जायचा. १९९८ ला डीईसी कॉम्पॅककडे गेली आणि २००१ ला कॉम्पॅकने अल्फा सोडायचं ठरवलं. डिझाइन करणारी माणसं नामी होती, ती पुढे इंटेल-एएमडीत जाऊन तेच काम करायला लागली.

आता इटॅनियम. इंटेल-एचपीची हातमिळवणी १९९४ ची. कल्पना अशी की कुठल्या इन्स्ट्रक्शन एका वेळी चालवता येतील हे हार्डवेअरने चालताना शोधत बसण्यापेक्षा कंपायलरने आधीच ठरवून गठ्ठे बांधून द्यावेत. ऐकायला छान. पण मेमरीतला डेटा कॅशमधून (प्रोसेसरजवळच्या वेगवान साठ्यातून) लगेच मिळेल का शेकडो सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) थांबावं लागेल हे कंपायलरला आधी कसं कळणार? ते प्रोग्राम चालतानाच कळतं, आणि त्याला सावरून घ्यायची यंत्रणा आउट ऑफ ऑर्डर प्रोसेसरकडे असते, इटॅनियमने नेमकी तीच काढून टाकली. २००१ ला चिप आली, एक्स८६ चा कोड त्यावर रडतखडत चालायचा. एप्रिल २००३ ला एएमडीने ऑप्टेरॉन आणला, तोच एक्स८६, फक्त रजिस्टर ६४ बिटांची केली आणि ८ ची १६ केली, ३२ बिटचा जुना कोड पूर्ण वेगात. वर्षभरात इंटेललाही तेच घ्यावं लागलं. इटॅनियमची शेवटची चिप २०२१ ला गेली.

केदार_८०८६

श्रीरंग, अरे तू तर माझीच केस मांडलीस! पीसीचा खप एवढा कशामुळे होता? डॉस-विंडोजचे प्रोग्राम एक्स८६ वरच चालायचे म्हणून.

श्रीरंग_वेफर

नाही रे. जुन्या कोडने गिऱ्हाईक बांधलेलं राहतं हे मान्य, पण फोनवाले कुठे बांधलेले होते? आर्मकडे विंडोजचा एकही प्रोग्राम नव्हता. फोन खपले, त्या पैशावर तैवानच्या टीएसएमसीची फॅब पुढे गेली, इंटेलचं चिप बनवायचं १० नॅनोमीटरचं तंत्र रखडलं आणि २०२० ला अ‍ॅपलचा एम१ ५ नॅनोमीटरवर आला. पारडं फिरलं ते फॅबमुळे. त्याच्या आधीचं बघायचं तर २००४ बघ, पेंटियम ४ चा प्रेस्कॉट, ३१ टप्प्यांची पाइपलाइन, गिगाहर्ट्झ चढवत न्यायचे हाच बेत, पण ट्रान्झिस्टर लहान झाला तरी व्होल्टेज त्या प्रमाणात उतरेना, गळती वाढली, चिप तापायला लागली. पुढचा तेजस त्याच वर्षी रद्द केला आणि सगळे एकाच्या जागी दोन कोअर द्यायला लागले. उष्णतेने जे ठरवलं ते कुठल्याच आर्किटेक्चरवाल्याच्या हातात नव्हतं.

अवंती_पी

फॅबचं महत्त्व आहेच, पण एम१ ला फक्त ५ नॅनोमीटरचं श्रेय देऊ नका. एक्स८६ ची इन्स्ट्रक्शन १ बाइटपासून १५ बाइटपर्यंत कितीही लांब असू शकते. पहिली कुठे संपते ते कळल्याशिवाय दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही. एका सायकलला आठ इन्स्ट्रक्शन उलगडायच्या तर प्रत्येक बाइटपासून अंदाजाने सुरुवात करून बघायची, मग चुकीचे अंदाज टाकून द्यायचे. ६४ बिट आर्मची प्रत्येक इन्स्ट्रक्शन ४ बाइटची, आठ घ्या, आठ डिकोडरला (इन्स्ट्रक्शन उलगडणाऱ्या भागांना) द्या, झालं. एम१ ने आठ डिकोडर लावले तेव्हा इंटेलची चिप चार-पाचवर होती, सहा डिकोडर २०२१ ला आले. इथे इन्स्ट्रक्शन सेटच्या आखणीचा थेट संबंध येतो की नाही?

श्रीरंग_वेफर

येतो, पण तुम्ही म्हणता तेवढा नाही. एक्स८६ वाल्यांनी उलगडलेल्या मायक्रो-ऑपची वेगळी कॅश ठेवली, इंटेलने मुख्य चिपमध्ये २०११ पासून, म्हणजे लूप फिरत असेल तर डिकोडरला परत विचारायलाच नको. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये आर्म आणि एक्स८६ च्या खऱ्या चिपा शेजारी ठेवून वेग आणि वीज मोजली होती, त्यांचा निष्कर्ष असा की फरक पडतो तो चिप कुठल्या कामासाठी बांधलीये याने, इन्स्ट्रक्शन सेट रिस्क आहे का सिस्क याने नाही.

नचिकेत_डी

एम१ चा विषय निघालाच आहे तर केदारला विचारतो. अ‍ॅपलने १९९४ ला ६८००० घराणं सोडून पॉवरपीसी घेतला, २००६ ला इंटेल, २०२० ला आर्म. तीनदा आर्किटेक्चर बदलून कंपनी उभी आहे. जुना कोडच सगळं ठरवतो म्हणता, मग हे कसं जमलं?

केदार_८०८६

जमलं कारण तिन्ही वेळा त्यांनी जुना कोड सोबत नेला. एम१ चं तर बघण्यासारखं आहे. एक्स८६ मध्ये एका कोअरने मेमरीत दोन गोष्टी क्रमाने लिहिल्या तर दुसऱ्या कोअरला त्या त्याच क्रमाने दिसतात, आर्ममध्ये अशी हमी नाही, क्रम हवा असेल तर प्रोग्रामरने तसं सांगायचं. आता एक्स८६ चा प्रोग्राम आर्मवर अनुवाद करून चालवायचा तर अनुवादकाने जागोजागी मेमरी बॅरियर (क्रम पाळायला लावणारी इन्स्ट्रक्शन) घालत बसायचं आणि वेग घालवायचा. अ‍ॅपलने काय केलं, आर्मच्या चिपमध्येच एक मोड ठेवला, तो चालू केला की त्या प्रोग्रामपुरती मेमरी एक्स८६ च्या नियमाने वागते. रोझेटा २ हे त्यांचं अनुवादाचं सॉफ्टवेअर वेगवान वाटायचं त्यातलं हे एक मोठं कारण. कोऱ्या पाटीवरून एवढी चिप आखली आणि तिच्या सिलिकॉनमध्ये एक्स८६ चा नियम बसवला!

उलटं उदाहरणही ताजं आहे. इंटेलने २०२३ मध्ये एक्स८६एस नावाचा प्रस्ताव मांडला होता, १६ बिटचे जुने मोड काढून चिप थेट ६४ बिटमध्ये सुरू करायची. डिसेंबर २०२४ ला तो मागे घेतला.

अवंती_पी

रोझेटाचं मान्य, चांगलं काम आहे. पण मी त्यातून नेमका उलटा अर्थ काढते. अनुवाद एवढा चांगला होत असेल तर जुना कोड आता एका इन्स्ट्रक्शन सेटला बांधलेला राहिला नाही, म्हणजे तुमचं साठ वर्षांचं कारण इथून पुढे कमी कमी होत जाणार.

रिस्क-फाइव्हकडे बघा. २०१० ला बर्कलीत सुरू झाला, मूळ ३२ बिटचा संच चाळीसेक इन्स्ट्रक्शनचा, डिले स्लॉट नाही, कंडिशन फ्लॅग नाहीत, आणि इन्स्ट्रक्शन सेट वापरायला कुणाचं लायसन घ्यावं लागत नाही. एनव्हिडियाने आपल्या ग्राफिक्स चिपमधले कारभार सांभाळणारे लहान कंट्रोलर त्यावर नेले. तिथला कोड कंपनीचा स्वतःचा, सोर्स हातात, परत कंपाइल केला की झालं, म्हणून आखणी साधी असणं आणि लायसन नसणं याच गोष्टी मोजल्या गेल्या.

केदार_८०८६

@अवंती, तिथे रिस्क-फाइव्ह शिरला कारण त्या कंट्रोलरवर बाहेरच्या कुणाचा तयार प्रोग्राम चालतच नव्हता. जिथे लोक दुसऱ्याने विकलेला बायनरी प्रोग्राम आणून चालवतात, म्हणजे डेस्कटॉप आणि बराचसा सर्व्हर, तिथे तो शिरला की मी माझं मत बदलेन, तोवर नाही.

अवंती_पी

सर्व्हरवर आता बराचसा कोड लिनक्सवरचा आणि ओपन सोर्स आहे, तो परत कंपाइल होतो. म्हणूनच तर मोठ्या क्लाउड कंपन्या स्वतःचे आर्म प्रोसेसर बनवून वापरतायत, अ‍ॅमेझॉनने २०१८ पासून ग्रॅव्हिटॉन ठेवलाय आणि गिऱ्हाइकं तो भाड्याने घेतायत. तुमच्या अटीतला सर्व्हरचा अर्धा भाग तर आधीच गेलाय.